मुंगी चावल्याएवढं

माझा हात चांगला आहे. हे माझं मीच सांगतेय, कारण खोटा विनय मला कधी जमला नाही. सव्वीस वर्षं झाली सिस्टरच्या कामाला. त्यातली पहिली दहा शिरूरला गेली, बाकीची सगळी दौंडच्या या दवाखान्यात. सलाईनची सुई लावायला शीर सापडेना झाली की अजूनही मलाच हाक येते. म्हाताऱ्यांच्या दोऱ्यासारख्या शिरा, जुलाबानं सुकून गेलेल्या पोरी, ऊसतोडीच्या बायकांचे राठ हात, सगळं बघून झालंय. दंडाला पट्टा आवळायचा, डोळे मिटायचे, बोट फिरवायचं. शीर बोटालाच सांगते, इथं आहे म्हणून. मग एका टोच्यात काम. दुसऱ्या टोच्याची वेळ माझ्यावर फार कमी आली, आणि आली तेव्हा दिवसभर माझं डोकं फिरलेलं असायचं.

शिरूरच्या आमच्या हेडसिस्टरनी मला हे शिकवलं. करारी बाई होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पेशंटला विचार करायला वेळ दिलास की संपलं. मुंगी चावल्याएवढं होईल म्हणायचं आणि तो हसेपर्यंत टोचून मोकळं व्हायचं." मी तेच वाक्य उचललं. किती जणांना म्हटलं असेल, त्याची गणती नाही. तरण्या गड्यांना म्हटलं, पहिलटकरणींना म्हटलं, सरपंचांना म्हटलं. लोक 'आई आई' करायचे आणि मी म्हणायचे, झालंसुद्धा, एवढं काय!

त्यामुळं आमच्याकडं भूल देणाऱ्या नव्या डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या, की सलाईनची मोठी सुई लावण्याआधी तेवढीच कातडी बधिर करत जा, तेव्हा मला हसूच आलं. मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, भुलीचं मलम. ते जाडसर थापायचं, वरून झाकायचं आणि तासभर थांबायचं. दुसरा, इन्सुलिनच्या बारीक सुईनं लिग्नोकेनचा, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचा, एक थेंब कातडीत सोडायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग मोठी सुई घालायची.

"म्हणजे टोचलेलं दुखू नये म्हणून आधी टोचायचं?" मी म्हटलं. "आणि तासभर मलम फासून बसवायला हे काय ब्यूटी पार्लर आहे का, मॅडम? बाहेर बाकावर माणसं बघा जरा."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मलमाच्या नळ्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली माझ्याजवळच राहू दिली. मी काही ते कपाट उघडलं नाही.

मग खुटबावची ती आली. बेचाळीस वर्षांची, अंगानं दणकट, कुरकुंभच्या एका कारखान्यात पॅकिंगला. तिन्ही पाळ्या करायची, घरी दोन म्हशींची धार काढायची. पिशवीत गाठी झालेल्या आणि दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं, की रक्त सहावर आलेलं. गर्भपिशवी काढायची ठरली होती, पण एवढ्या कमी रक्तावर ऑपरेशन करायला सर्जन तयार नव्हते. आधी लोहाची पाच सलाईनं द्यायची, एक दिवसाआड, रक्त दहाच्या वर न्यायचं आणि मग टेबलावर घ्यायचं. मधल्या काळात पुन्हा जोरात सुरू झालं तर जिवावर बेतेल, हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तिला ते समजलंही होतं.

आणि तरी ती दोनदा पळून गेली. पहिल्यांदा माझ्या हातातला ट्रे बघितला, 'बाथरूमला जाऊन येते' म्हणाली आणि थेट घरी. दुसऱ्यांदा खुर्चीत बसली, मी पट्टा आवळला, तेवढ्यात तिचे ओठ पांढरे पडले आणि ती पट्ट्यासकट उठून चालू लागली. मी दारात आडवी झाले.

"अगं, दोन लेकरं झाली तुला. इळा लागला तर चिंधी बांधून म्हशींची वैरण कापणारी बाई तू, आणि एवढ्याशा सुईला भितेस?"

ती म्हणाली, "इळा लागला तवा सिस्टर, मला कुणी धरून ठिवलं नव्हतं. आन् लेकरं झाली तवा मला कुणी 'मुंगी चावंल' म्हणून फसवलं नव्हतं."

मग तिनं पुढचं सांगितलं. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर ताप चढला होता. कुठल्याशा दवाखान्यात नऊ वेळा टोचलं, दोन्ही हात झाले, मग पाय. दोघींनी खांदे दाबून धरले होते आणि तिसरी दर वेळी म्हणत होती, झालं झालं, मुंगीएवढं. ती गेली. जाताना दंडाचा पट्टा सोडून तिनं माझ्या हातात ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा मला तिची दया नाही आली, राग आला. माझ्या हाताची ख्याती असताना ही बाई मला त्या तिसरीच्या रांगेत बसवते म्हणजे काय!

रागाच्या भरातच मी कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूला बोलावून मलमाची नळी आणि झाकायला पातळ प्लास्टिक दिलं. सासू साठी ओलांडलेली, काटक, सुनेवर जीव टाकणारी बाई. सून दवाखान्यातून पळाली की हीच तिला हाताला धरून परत आणायची. मॅडमनी होकार दिला होता. अॅलर्जी वगैरे विचारून झालं होतं. आमच्याकडं तासभर बसवायला जागा नव्हती म्हणून मी म्हटलं, "घरून निघायच्या आधी हाताच्या पाठीवर हे लावा, वरून प्लास्टिक चिकटवा, गाडीनं या. तोवर तास होतोच." आणि सुनेला फोनवर म्हटलं, "या वेळी कळणारसुद्धा नाही तुला. मुंगीएवढंही नाही. माझा शब्द."

सगळं सांगितलं. फक्त 'चोळू नका' हे सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही ते. खरं तर यायला पाहिजे होतं, कारण मी याच मातीतली. आमच्याकडं मलम म्हटलं की चोळायचंच. गुडघ्याला चोळायचं, छातीला चोळायचं, कातडी लाल होईपर्यंत चोळायचं, वर तव्यावर फडकं तापवून शेक द्यायचा. औषध वरच्या वर राहिलं तर ते वाया गेलं, असा सगळ्या घरांचा कायदा.

ठरल्या दिवशी दोघी आल्या. सुनेचा हात लालेलाल. प्लास्टिक नव्हतं. विचारलं तर सासूकडं बोट करून म्हणाली, आत्त्यांनी काढलं, आत घाम येत होता. मी म्हटलं, असू दे, लाली आली म्हणजे औषध मुरलंय. आता या वाक्याची मला लाज वाटते, पण म्हटलं खरं. पट्टा बांधला, शीर छान वर आली. ती मान फिरवून भिंतीकडं बघत होती आणि माझ्या शब्दावर बसली होती.

मी सुई घातली आणि ती किंचाळली. हात असा हिसकला, की शीर फुटली आणि बघता बघता हाताच्या पाठीवर निळं टेंगूळ आलं. मी कापूस दाबत होते, ती माझा हात झटकत होती.

"तुम्ही बी तसल्याच," ती म्हणाली. ओरडली नाही, हळू म्हणाली. "दुखंल म्हणला असता तर दात आवळून बसले असते. शब्द कशापायी दिला?"

आणि सासूला बाकावर तशीच सोडून ती तरातरा स्टेशनकडं निघून गेली.

मी मागं जाणार, तेवढ्यात बाकावरून सासूची हाक आली. बोलणं जड, जीभ तोंडात लोळतेय असं. "अवं शिश्टर... माझी जीभ गेली... व्हट बी गेला... मला लकवा मारतोय गं बाय!"

मी मॅडमना हाक मारली. मॅडम धावत आल्या. दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, डोळे बघितले, बीपी बघितलं. सगळं ठणठणीत. मॅडमनी विचारलं, आजी, आत्ता काय खाल्लंत?

"खायाचं काय? जरा मिश्री लावली."

"कुठल्या बोटानं?"

तिनं बोट वर केलं. बोटावर तंबाखूच्या काळ्या भुकटीखाली मलमाचा पांढरा थर होता.

मग सगळं बाहेर आलं. सकाळी तिनं सुनेच्या हाताला अर्धा तास मलम चोळलं होतं, "थेंब म्हून वर ऱ्हाऊ दिला न्हाई." मग शेकलं. आणि इथं बाकावर बसल्यावर नळीत उरलेलं पिळून पुन्हा एक हात दिला, आणि त्याच बोटानं हिरड्यांना मिश्री लावली. हातावर मलमाचा थर उरलाच नाही, म्हणून सुनेची कातडी राहिली जागी आणि सासूची जीभ झोपली. मॅडमनी तिला चुळा भरायला लावल्या. जिभेला कळायला लागेपर्यंत चहा प्यायचा नाही, भाजलेलं समजणार नाही, असं बजावून बसवून ठेवलं. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. औषधात दम आहे हे त्या मिश्रीनं मला पटवलं, मॅडमच्या सांगण्यानं ते पटलं नव्हतं.

पण सासू गेल्यावर ट्रे आवरताना माझं हसू विरलं. चूक म्हातारीची नव्हती. तिनं जिवापाड चोळलं होतं. सांगायची गोष्ट सांगितली नाही ती मी. हात न तपासता सुई घातली ती मी. आणि शब्द दिला तोही मीच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दोन आठवडे सून आली नाही. फोन उचलेना. रविवारी चर्च सुटल्यावर मी घरी न जाता स्कूटर सरळ खुटबावला घातली. ती अंगणात पाण्याची बादली खाली ठेवून उंबऱ्यावर बसली होती, धापा टाकत. तोंड पांढरंफटक. सासूनं आतूनच सांगितलं, परवापासून पुन्हा सुरू झालंय, कामावर असताना पॅकिंगच्या टेबलावरच घेरी येऊन पडली, कारखान्यातल्या माणसांनी जीपमध्ये घालून आणून सोडली.

माफी मागायची मला सवय नाही. घरात विचारा कुणालाही. पण तिथं उभ्या उभ्या म्हटलं, "माझं चुकलं." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. मग चोळण्याची सगळी गोष्ट सांगितली. आतून सासू फणकारली, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय! मी काय डॉक्टर हाय?" मी म्हटलं, खरंय मावशी, तुमचं काही चुकलं नाही.

सुनेनं बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "सिस्टर, मी मरायला न्हाई भेत. तुमच्या त्या खोलीत यायला भेते."

 एवढी धट्टीकट्टी बाई दर महिन्याला थोडी थोडी संपत चालली होती, आणि मधे आडवी होती ती आमची खोली, आमचा ट्रे, आमचं ते एक वाक्य.

"तुम्हाला कवा लावलीय का हो सुई? सलाईनची?" तिनं विचारलं.

 मी कधी आजारी पडले नाही. पोरीच्या वेळी लावली असेल, पण त्या कळांत सुईची कुणाला शुद्ध होती? म्हटलं, "आठवत नाही."

"मग मुंगी कुठनं आणली?"

 मी म्हटलं, "मंगळवारी ये. तुझ्या समोर आधी मला लावून घेते. एका हाताला तशीच, एका हाताला बधिर करून. काय होतं ते तुझ्या डोळ्यानं बघ. नाही पटलं तर जा, मी दारात आडवी होणार नाही."

मंगळवारी आली. सासू बरोबर होतीच, या वेळी मिश्री घरी ठेवून. मी खुर्चीत बसले, मॅडम ट्रे घेऊन समोर. आधी उजवा हात, तसाच. मी मनात म्हणत होते, चेहरा हलू द्यायचा नाही. सुई कातडीतून गेली आणि माझ्या तोंडातून "आई गं!" असा आवाज निघाला, की वॉर्डातले दोन पेशंट उठून बसले. सासू म्हणाली, "मुंगी हाय का म्हसरू?" आणि सून हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते, पण माझं लक्ष हातात होतं. ठणकत होतं. सव्वीस वर्षं मी लोकांना हे मुंगीएवढं म्हणून सांगत आले होते. मला मनापासून लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही.

मग डावा. बारीक सुईचा टोचा, थोडी आग, कातडीवर मसुराएवढा फुगा. मिनिटभरानं मोठी सुई. कुणीतरी बोट दाबतंय एवढं कळलं, बाकी काही नाही. "हे असं होतं," मी तिला म्हटलं. "आधी थोडं जळजळतं, ते जळजळतंच. नंतरचं दुखत नाही, नुसतं दाबल्यासारखं होतं. यापेक्षा कमी सांगणार नाही, जास्तही नाही."

ती खुर्चीत बसली. हात तिनं दिला नाही, मांडीवरच ठेवला, पण मागं घेतला नाही. मी तिथंच खाली स्टुलावर बसले. "आता बारीक सुई. आग होईल. मोठ्यानं दहापर्यंत मोज." तिनं मोजायला सुरुवात केली. सहावर थांबली आणि म्हणाली, "थांबली की आग." मिनिटभर गेलं. सुईच्या टोकानं हलकं टेकवून विचारलं, कळतंय? ती म्हणाली, हात लागतोय तेवढं. मग मी मोठी सुई घातली. रक्त आलं, नळी जोडली, पट्टी चिकटवली.

ती डोळे गच्च मिटून म्हणाली, "टोचा की आता एकदाची, जीव टांगणीला लागलाय."

"बघ तरी," मी म्हटलं. सलाईन चालू होतं.

तिनं डोळे उघडले, आधी हाताकडं बघितलं, मग बाटलीकडं, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सासूपण रडली. मी कशीबशी ट्रे उचलून बाहेर आले.

पाचही सलाईनं झाली. एकदाही पळाली नाही. एकदा शीर चुकली, तेव्हा मी लगेच सांगितलं, चुकली, पुन्हा लावावी लागेल, पुन्हा बधिर करते. ती म्हणाली, करा. दुसऱ्या सिस्टर बघत होत्या. त्यांनाही मी हेच शिकवलं. काही जणी नाकं मुरडतात, वेळ जातो म्हणतात. मी म्हणते, पळालेला पेशंट परत आणण्यात किती वेळ जातो, मला विचारा.

पुढच्या काही आठवड्यांत रक्त दहाच्या वर गेलं आणि ऑपरेशनचा दिवस आला. ऑपरेशनला जाड सुई लागते आणि तिच्या हाताच्या पाठीवरच्या शिरा आता थकल्या होत्या. कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला जागा शोधावी लागली. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच लावा. ती स्ट्रेचरशेजारी बसली होती, हिरवा गाऊन घालून. माझ्या हातातल्या सुईकडं तिनं नीट बघितलं. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"ही मोठी हाय," ती म्हणाली. "किती दुखंल? खरं सांगा."

ऑपरेशनच्या दारात बसलेली बाई. जुनं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. वाटलं, या वेळी तरी म्हणावं, काही नाही गं, समजणारसुद्धा नाही.

"आतापर्यंतच्यापेक्षा जास्त दुखेल," मी म्हटलं. "बधिर करताना आग तेवढीच होईल. पण ही जाड आहे, आत जाताना ढकलल्यासारखं होईल आणि क्षणभर सणक येईल. मग थांबेल. ओरडावंसं वाटलं तर ओरड, हात मात्र हलवू नको."

तिनं मान डोलावली आणि आपणहून हात पुढं केला. मी बधिर केलं, थांबले, सुई घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात हलला नाही.

"दुखलं ना?" मी विचारलं.

"दुखलं," ती म्हणाली. "पर तुम्ही सांगितलं तेवढंच."

मी सलाईन जोडलं. मग ती उठली. स्ट्रेचर नको म्हणाली, सलाईनची बाटली माझ्या हातात दिली आणि स्वतःच्या पायानं ऑपरेशनला गेली.